आमच्या नावाने लावलेले कॅमेरे

रस्त्यावर, चौकात, बसस्थानकावर कॅमेरे बसवायचे ठरले की त्या बातमीत एक वाक्य हमखास असते : 'महिलांच्या सुरक्षिततेसाठी'. एरवी आमची आठवण फारशी कुणाला होत नाही. नाथसागराचे पाणी पिणाऱ्या छत्रपती संभाजीनगरात वर्षानुवर्षे बायकांनी आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या नळाची वाट पाहिली, तेव्हा 'महिलांसाठी' हे शब्द इतक्या तत्परतेने कुणाच्या तोंडी आले नाहीत. बसस्थानकावरच्या स्वच्छतागृहाला कडी नसते, रात्री परतायच्या वाटेवर दिवा नसतो, तेव्हाही येत नाहीत. कॅमेरा मात्र आमच्यासाठीच असतो. मग तो कुठे लावावा, त्यात कुणी पाहावे, चित्रण किती दिवस ठेवावे, कुणाला दाखवावे, यातली एक तरी गोष्ट आम्हाला कुणी विचारली का?

मी पैठणला राहते. नाथांचे गाव, पैठणीचे गाव, धरणाचे गाव. आमच्याकडे कॅमेरे एका दिवसात आले नाहीत. आधी बँकेत आले, मग सराफाकडे, मग कापडाच्या आणि किराणाच्या दुकानात, मग शाळेच्या दारात आणि मंगल कार्यालयात. गर्दीच्या दिवसांत बंदोबस्ताच्या नावाने आले. आता दुकानावरचा कॅमेरा गल्ल्याकडे कमी आणि समोरच्या रस्त्याकडे जास्त पाहतो. काही सरकारी, बरेचसे खासगी. कोणता कुणाचा, हे खालून चालणाऱ्या बाईला कळायला मार्ग नाही.

आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा सरळ दोन मते पडली. कारखान्यातून उशिरा सुटणाऱ्या एकीने सांगितले, की कोपऱ्यावर कॅमेरा आहे हे माहीत असले म्हणजे धीर येतो. दुसरीच्या बहिणीच्या गळ्यातले ओढून नेणारा सापडला तो कॅमेऱ्यामुळेच. हे खोटे नाही, आणि चळवळीतल्या आपण मोठे शब्द वापरून ते उडवून लावू नये. पण त्यानंतर जे वाक्य आले त्यावर मात्र थांबायला हवे. 'कर नाही त्याला डर कशाला?'

मैत्रिणींनो, आपण बायका लपवतो ते बहुतेक वेळा गुन्हे नसतात. नवऱ्याचा मार खाणारी बाई वकिलाकडे जाते ते लपवते. तिसरे मूल नको म्हणून दवाखान्यात जाणारी लपवते. औषधाच्या दुकानातून गोळ्या घेणारी, समुपदेशन केंद्राची पायरी चढणारी, सासरी न सांगता आईला भेटून येणारी, दुसऱ्या जातीच्या मुलाशी बोलणारी, युनियनच्या सभेला जाणारी, या साऱ्याजणी काहीतरी लपवतात. यातली एकही गोष्ट कायद्याने गुन्हा नाही. पण घरी कळली तर शिक्षा होते. आमच्या 'डर'चा संबंध तुरुंगाशी कमी आणि उंबऱ्याशी जास्त आहे.

शहरातला आणि छोट्या गावातला फरक इथे लक्षात घ्यावा लागतो. मुंबईच्या गर्दीतल्या कॅमेऱ्याला एक चेहरा दिसतो. आमच्याकडच्या कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाला अमक्याची सून आणि तमक्याची पोर दिसते. त्याला कुठली यंत्रणा लागत नाही, तो नावानिशी ओळखतो. ओळखीची एक मुलगी दुपारी घाटाच्या पायऱ्यांवर वर्गातल्या मुलाशी बोलत बसली होती. जवळच्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यातले ते चित्रण कुणीतरी मोबाइलवर काढून घेतले आणि संध्याकाळपर्यंत ते तिच्या काकांच्या हातात पोचले. पुढच्या महिन्यात तिचे कॉलेज सुटले, सहा महिन्यांत लग्न झाले. त्या दुकानाचे नाव मी लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एका दुकानाचा नाही. ते चित्रण बाहेर देताना कुणाला आपण काही चुकीचे करतो आहोत असे वाटलेच नाही. उलट एका घराची अब्रू वाचवली याचे समाधानच असणार.

कायद्याकडे जावे, तर भारतीय न्याय संहितेच्या ७७व्या कलमाने स्त्रीचे चोरून चित्रण करणे गुन्हा ठरवले आहे. पण ती विवस्त्र असेल किंवा एखादे खासगी कृत्य करत असेल तरच. अंगभर कपडे घालून घाटावर बसलेली मुलगी त्या कलमात बसत नाही. कायद्याच्या लेखी आमचे खासगीपण कपड्यांपाशी संपते. हिंडण्या-बोलण्याच्या मोकळिकीला त्यात जागा नाही.

'खासगीपण हे शहरी, शिकलेल्या बायकांचे खूळ आहे, आपल्याकडे कुठे होते ते?' असेही विचारले जाते. याचे उत्तर आपल्या आयांच्या आयुष्यात शोधून पाहा. दोन खोल्यांच्या घरात, सासू-सासरे, दीर, मुले यांच्यात बाईला खासगी कोपरा कधीच नव्हता. तिचे खासगीपण घराबाहेर होते : नदीवर धुणे धुताना, विहिरीवर, निंदणीला गेल्यावर, बाजाराच्या दिवशी, जत्रेत. तिथे ती मैत्रिणीपाशी रडत असे, हसत असे, नवऱ्याला शिव्याही घालत असे. पैठण ही सातवाहनांची राजधानी. हाल राजाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त गोदावरीच्या काठाचे उल्लेख पुन्हा पुन्हा येतात, आणि तिथल्या बायका मनातले बोलतात ते घराबाहेर, गावाची नजर चुकवूनच. पुरुष खासगीपणासाठी घरी जातो आणि दार लावून घेतो. बाई त्यासाठी घराबाहेर पडते. म्हणून रस्त्यावरचा कॅमेरा दोघांकडून सारखेच काही काढून घेत नाही. तिच्याकडे होती तेवढी एकच मोकळी जागा तो घेतो.

गावाची नजर पूर्वीही होतीच की, असे कुणी म्हणेल. होती. पारावरचे चार लोक सगळ्यांची येजा मोजत. पण ते चार लोक जेवायला घरी जात, त्यांना विसर पडे, आणि बाई त्यांना चुकवून मागच्या गल्लीने जाऊ शके. 'ती मी नव्हतेच' असे म्हणण्याची सोय होती. कॅमेरा जेवायला जात नाही. मुंबईतल्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी २०११ मध्ये 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक लिहून म्हटले, की बाईला सार्वजनिक जागेत काही कामाशिवाय रेंगाळण्याचा हक्क हवा, आणि सुरक्षिततेच्या नावाखाली तोच हिरावला जातो. पुस्तक मुंबईवर आहे, पण आमच्या घाटाला ते शब्दशः लागू पडते.

आता कायद्याचे पाहू. खासगीपणाच्या हक्काचा एक महत्त्वाचा निकाल आपल्याच राज्यातल्या एका बाईच्या तक्रारीतून आला, हे आपल्यापैकी थोड्याजणींना माहीत असेल. एक पोलीस निरीक्षक रात्री एका बाईच्या झोपडीत शिरला आणि त्याने तिच्यावर जबरदस्तीचा प्रयत्न केला, अशी ती तक्रार होती. खात्याने त्याला बडतर्फ केले. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र तिच्या चारित्र्याकडे बोट दाखवून तिची साक्ष विश्वसनीय मानली नाही. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले आणि सांगितले, की समाज जिला वाईट चालीची म्हणतो त्या बाईलाही खासगीपणाचा हक्क आहे, वाटेल त्याने तो मोडायचा नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे ठरवले. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचे खासगीपण संपत नाही, ते माणसाला चिकटलेले असते, असेही त्या निकालात आहे. सरकारला त्यावर बंधन आणायचे तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय गरजेपुरता हवा.

या कसोटीवर आपल्या चौकातला कॅमेरा लावून पाहा. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांसाठी संसदेने केलेला स्वतंत्र कायदाच नाही. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही आले, पण त्यात सरकारला आपल्या यंत्रणांना वगळण्याची मोठी खिडकी ठेवलेली आहे. म्हणजे दुकानदाराला कदाचित जाब विचारता येईल, पण जो सर्वांत जास्त पाहतो त्याला विचारणे अवघड.

चित्रण बाहेर कसे जाते, याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. २०१३ मध्ये दिल्ली मेट्रोच्या सुरक्षा कॅमेऱ्यांतली जोडप्यांची चित्रणे अश्लील संकेतस्थळांवर निघाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातले, तपासणीच्या खोलीतले बायकांचे चित्रण विक्रीला आले. कॅमेऱ्याचा पासवर्ड अगदी सोपा, कुणालाही सुचेल असा होता. त्या प्रकरणात अटक झालेल्यांत आपल्या लातूरचा आणि सांगलीचा तरुण होता. गुजरातेत बाळंतीण होणाऱ्या बाईचे चित्र मराठवाड्यातल्या पोराने विकायला काढावे, इतके हे जग जवळ आले आहे. त्याच महिन्यात प्रयागराजच्या कुंभात स्नान करणाऱ्या बायकांची चित्रणे समाजमाध्यमांवर टाकणाऱ्या आणि विकणाऱ्या खात्यांवर उत्तर प्रदेश पोलिसांनी गुन्हे नोंदवले. नाथषष्ठीला आमच्याकडे लाखो वारकरी गोदेत स्नान करतात, त्यात निम्म्या तरी बायका असतात. ओले लुगडे बदलायला आडोसा पुरेसा नसतो. गर्दीवर लक्ष ठेवायला हवे, चेंगराचेंगरी टाळायला हवी, हे मान्य. पण घाटाकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्यातले ते चित्र कुठल्या खोलीत, कुणाच्या समोर उमटते, हे विचारण्याचा हक्क त्या वारकरी बाईला आहे की नाही?

बरे, एवढे सारे सोसून सुरक्षितता तरी मिळते का? २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकात उभ्या असलेल्या एसटीत एका तरुणीवर बलात्कार झाला. स्थानकात कॅमेरे होते. त्यांच्यामुळे आरोपीची ओळख पटली, आणि हे कॅमेऱ्याच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. पण कॅमेऱ्याने तो अत्याचार थांबवला नाही. तिथे दिवे, जागता पहारेकरी, कुलूप घातलेल्या गाड्या आणि हाकेला धावणारे माणूस हवे होते. कॅमेरा घडून गेलेले दाखवतो. त्याला हात नसतात.

आणि मुळात बाईला धोका कुठे आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात, की स्त्रियांवरच्या गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेचा असतो. बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. चौकातल्या खांबाला यातले काय दिसणार? तरीही २०१३ मध्ये उभारलेल्या निर्भया निधीतून मुंबईसह ८ शहरांत 'सेफ सिटी' प्रकल्प निघाले आणि त्यांत कॅमेऱ्यांचा मोठा भाग राहिला. लखनऊ पोलिसांनी तर जानेवारी २०२१ मध्ये सांगितले, की बाईच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखून ती संकटात आहे हे हेरणारे कॅमेरे लावू. रस्त्यावर बाईने कपाळाला आठी घातली तर पोलीस येणार! चिडायचीही मोकळीक नको?

यापुढचा टप्पा चेहरा ओळखण्याचा आहे. गरीब बायकांचे चेहरे आधीच गोळा होत आहेत. अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठी जुलै २०२५ पासून गरोदर आणि स्तनदा मातांचा चेहरा मोबाइलवर जुळवणे सक्तीचे झाले. आज तो आहारासाठी घेतला, उद्या तो चौकातल्या कॅमेऱ्याला जोडला जाणार नाही, अशी हमी कुठल्या कायद्यात आहे? हे काय करू शकते ते इराणने दाखवले. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या पोलिसांनी जाहीर केले, की डोके न झाकणाऱ्या बायकांना रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांतून ओळखून इशाऱ्याचे संदेश पाठवले जातील. तिथेही कारण नैतिकतेचे आणि सुव्यवस्थेचेच होते. पदराची जागा ठरवणारे लोक आपल्याकडे कमी आहेत असे कुणी म्हणू शकेल का?

एका ठिकाणी मात्र कॅमेरा हवा म्हणून आपण भांडायला हवे, ते म्हणजे पोलीस ठाणे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराचे मथुरा प्रकरण आपल्या चळवळीच्या मुळाशी आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्यातले पोलीस सोडून दिले, म्हणून १९७९ मध्ये चार कायदेपंडितांनी खुले पत्र लिहिले आणि १९८० मध्ये देशभर बायका रस्त्यावर आल्या. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत आणि चित्रण दीड वर्ष, निदान एक वर्ष तरी जपले पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला कोठडीतल्या मृत्यूंच्या बातमीवरून, ठाण्यांत चालू कॅमेरे नाहीत म्हणून स्वतःहून दखल घ्यावी लागली. बाईवर रोखलेला कॅमेरा दिवसरात्र चालू राहतो, आणि पोलिसावर रोखलेला नेमका बंद पडतो. यंत्र तर तेच आहे. ते कुणाच्या ताब्यात आहे यावर ते कुणाचे रक्षण करणार हे ठरते.

विरोध करून काय होणार, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी थोडे सांगते. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याचा एक मसुदा हरकतींसाठी जाहीर केला. सार्वजनिक ठिकाणी कॅमेऱ्यांची सक्ती आणि चित्रण ३० दिवस ठेवण्याचे बंधन त्यात होते. जोरदार टीका झाली आणि तो मसुदा कायदा झाला नाही. हैदराबादेत २०२१ मध्ये पोलिसांनी रस्त्यात अडवून तोंडावरचा मास्क काढायला लावला आणि फोटो घेतला, म्हणून एस. क्यू. मसूद या कार्यकर्त्याने चेहरा ओळखण्याच्या यंत्रणेविरुद्ध तेलंगणा उच्च न्यायालयात धाव घेतली. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या मुस्लीमबहुल वस्त्यांत २०१० मध्ये दोनशेहून जास्त कॅमेरे लावले गेले. लोकांना कारण सांगितले साध्या गुन्ह्यांचे, पैसा मात्र दहशतवादविरोधी निधीतला होता. लोक संघटित झाले, कॅमेऱ्यांवर पिशव्या चढल्या, पोलीस प्रमुखांना माफी मागावी लागली आणि पुढच्या वर्षी कॅमेरे उतरवले गेले. २०१८ मध्ये चोरट्या कॅमेऱ्यांविरुद्ध सोलच्या रस्त्यांवर हजारो कोरियन बायका पुन्हा पुन्हा उतरल्या. आणि आपल्या अंगणवाडी सेविका? ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल कार्यालयांत नेऊन परत केले. वरून आलेले यंत्र निमूट घ्यायचे नसते, हे त्यांनी आपल्याला दाखवून दिले.

सगळे कॅमेरे उखडा, असे मी म्हणत नाही. उशिरा घरी येणाऱ्या त्या मैत्रिणीचा धीर मला काढून घ्यायचा नाही. पण कॅमेरे आमच्या नावाने लावले आहेत तर त्यांचा हिशेब आम्हाला द्या. गावात कुठे किती कॅमेरे आहेत आणि कुणाचे आहेत याची यादी नगरपरिषदेच्या आणि पोलीस ठाण्याच्या दारात मराठीत लावा. प्रत्येक सरकारी कॅमेऱ्याखाली जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि फोन लिहा. चित्रण किती दिवसांनी पुसले जाते ते सांगा, आणि कुणी कधी पाहिले याची नोंदवही ठेवा. दुकानाच्या कॅमेऱ्याने आपले दार पाहावे, सबंध रस्ता नव्हे, आणि त्यातले चित्रण पोलिसांच्या लेखी मागणीशिवाय कुणाच्याही काका-मामाच्या मोबाइलवर जाता कामा नये. स्नानाचे घाट, स्वच्छतागृहे, दवाखान्याच्या तपासणीच्या खोल्या, समुपदेशन केंद्रांची दारे यांच्याकडे कॅमेऱ्याचे तोंड नको. कायदा होईपर्यंत चेहरा ओळखणारी यंत्रणा नको. आणि ज्या बाईवर अत्याचार झाला तिला तिच्या पुराव्याचे चित्रण खेटे न घालता मिळाले पाहिजे. आज शेजाऱ्याला ते तासाभरात मिळते आणि तिला मिळत नाही.

हे मागायला व्यासपीठ आहे. गावांत ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असे आपला ग्रामपंचायत कायदाच सांगतो. बहुतेक ठिकाणी ती कागदावर उरकली जाते. पुढच्या सभेत हा विषय लेखी द्या आणि ठराव मागा. शहरात असाल तर आपल्या वॉर्डाच्या नगरसेविकेला विचारा, की कॅमेऱ्यांवर किती खर्च झाला आणि दिव्यांवर, स्वच्छतागृहांवर किती. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले. बायका भरभरून प्रवास करू लागल्या, स्थानके आमच्याने गजबजली. अशा गजबजलेल्या स्थानकावर मला सुरक्षित वाटते, कारण शेजारी दुसरी बाई उभी असते. ती मला पाहते आणि मीही तिला पाहते. कॅमेऱ्याच्या मागे कोण बसले आहे, ते मात्र मला दिसत नाही. ते दिसेपर्यंत आपण विचारत राहू या. तुमच्या गावात काय चालले आहे, तेही जरूर लिहून कळवा.